शस्त्रक्रिया झाली, उपचार अर्धाच

‘बायपास’ हा शब्द एके काळी उच्चारताच घरातील मंडळींचे चेहरे उतरत. आज तो तालुक्याच्या बसस्थानकावरील गप्पांतही सहज ऐकू येतो. १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रेने फावालोरो या अर्जेंटिनी शल्यविशारदाने पायातील नीला काढून हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला तिचा वळसा देण्याचे तंत्र रूढ केले. १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात भारतातील पहिली अशी शस्त्रक्रिया केली. नंतरच्या अर्धशतकात हे कौशल्य मुंबई-पुण्याच्या वेशी ओलांडून कोल्हापूर, नाशिक, नागपूर असे पसरत गेले. खर्चाची धास्तीही पूर्वीइतकी राहिली नाही. महाराष्ट्रात १९९७ साली जीवनदायी योजना आली, २०१२ मध्ये तिचे रूप पालटले, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२४ पासून तर सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या आयुष्मान योजनेचे विमाछत्र खुले झाले आहे. साठ-सत्तरीच्या घरातील शिक्षक, कारकून, शेतकरी यांची छाती उघडून हृदय दुरुस्त करणे ही गोष्ट आता अपवादात्मक राहिलेली नाही, आणि याबद्दल समाधान मानावयास हरकत नाही.

परंतु या साऱ्या व्यवस्थेचे लक्ष रुग्णालयाच्या दरवाजापाशी येऊन थांबते. शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवडाभराने रुग्णाला घरी पाठविले जाते. हाती जाडजूड फाइल, औषधांची यादी, पुढील तपासणीची तारीख आणि तोंडी सूचना दोन : ‘जड उचलू नका’ आणि ‘हळूहळू चालायला लागा’. जड म्हणजे किती किलो आणि हळूहळू म्हणजे कोणत्या दिवशी किती पावले, हे विचारण्याचे भान त्या वेळी कोणाला असत नाही. सर्वांचे डोळे बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे लागलेले असतात. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा उठू पाहतात, आणि तीन बाजूंनी तीन माणसे धावतात : ‘उठू नका, आम्ही आणतो.’ तेथून पुढचे तीन महिने हा संवाद चालू राहतो.

वैद्यकशास्त्रात यापुढील उपचाराला ‘हृद्‌रुग्णाचे पुनर्वसन’ असे नाव आहे. हा शब्द मराठी वाचकाला थोडा बुचकळ्यात टाकील. आपल्याकडे पुनर्वसन होते ते धरणग्रस्तांचे, भूकंपग्रस्तांचे; स्वतःच्याच घरी, स्वतःच्याच खाटेवर परतलेल्या माणसाचे पुनर्वसन ते कसले? तरीही शब्द अगदीच चुकीचा नाही. ज्याच्या छातीचे हाड उभे कापून पोलादी तारेने पुन्हा बांधले आहे, ज्याला खोकण्याची, कूस वळण्याची, जिना चढण्याचीही भीती वाटते, तो माणूस आपल्या शरीरातून विस्थापितच झालेला असतो. त्या शरीरात त्याला पुन्हा वसवावयाचे असते. मोजून-मापून वाढवीत नेलेला व्यायाम, औषधे व आहार यांची समज, तंबाखू सोडविणे, आणि मनातील भय व खिन्नता यांवर उपाय, असे त्या उपचाराचे स्वरूप आहे. तो रुग्णालयाच्या केंद्रात आठवड्यातून दोन-तीन दिवस जाऊन घेता येतो. तोच उपचार रुग्णाच्या घरी, दूरध्वनी व मोबाइलच्या मदतीने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली देता येतो काय, हा गेल्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचा विषय आहे. विशेषतः वृद्धांच्या बाबतीत या प्रश्नाला फार महत्त्व आहे.

विश्रांतीचा जुना कौल

हृदयरोग्याने स्वस्थ पडून राहावे ही समजूत केवळ आजीबाईच्या बटव्यातील नव्हे. तिला एके काळी वैद्यकशास्त्राचाच शिक्का होता. अमेरिकेतील जेम्स हेरिक यांनी १९१२ साली हृदयधमनी तुंबल्याने येणाऱ्या झटक्याचे लक्षणचित्र मांडले, आणि पुढील चार दशके अशा रुग्णाला सहा-सहा आठवडे बिछान्यास खिळवून ठेवण्याचा रिवाज पडला. दाढी परिचारिकेने करावयाची, घासही तिनेच भरवावयाचा. या रिवाजाला पहिला ठळक धक्का बोस्टनमध्ये बसला. सॅम्युएल लिव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी १९५२ साली असा अनुभव प्रसिद्ध केला की, झटका आलेल्या ८१ रुग्णांना लवकरच आरामखुर्चीत बसविले तरी अपाय झाला नाही. खुर्चीत बसविणे ही आज हसू येण्याजोगी क्रांती वाटेल; त्या काळी मात्र सहकारी डॉक्टरांना ते धोक्याचे साहस वाटले होते. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा पॉल डडली व्हाइट या हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना क्रमाक्रमाने कामाकडे वळविले, आणि पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. एका रुग्णाच्या उदाहरणाने शास्त्र सिद्ध होत नाही हे खरे. पण लोकमताला तेवढे पुरले.

गंमत अशी की, या साऱ्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकात, विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याने छातीच्या कळेचे वर्णन करताना एका रुग्णाची हकीकत नोंदविली होती. हा गृहस्थ रोज अर्धा तास लाकूड करवतीत असे आणि तो जवळजवळ बरा झाला. कोणतेही केंद्र नाही, यंत्र नाही. घरचेच अंगण आणि घरचेच लाकूड. घरच्या घरी हृद्‌रुग्णाने केलेल्या व्यायामाची ही बहुधा सर्वांत जुनी लेखी साक्ष असावी.

अंथरुणावर पडून राहण्याचे मोल किती पडते, हे पुढे मोजले गेले. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवण्यात आले. श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची त्यांच्या शरीराची क्षमता चौथ्या हिश्श्याहूनही अधिक घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीच्या घरात पोचलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानाने जितकी हानी झाली होती तीहून त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने केलेली हानी अधिक होती असे आढळले. वृद्धांच्या बाबतीत हिशेब आणखी कठोर आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या निरोगी माणसांनी केवळ दहा दिवस अंथरुणात काढले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील स्नायू सरासरी सुमारे एक किलोने झिजले. तरुणाला ते भरून काढता येते. पंचाहत्तरीच्या माणसाचा तो एक किलो स्नायू म्हणजे आधाराविना खुर्चीतून उठता येणे आणि न येणे यांमधील अंतर असते.

मायेचा अटकाव

येथे मराठी कुटुंबाच्या स्वभावाचा विचार करावा लागेल. आपल्याकडे घरातील विश्रांतीची एक अतिशय सुजाण परंपरा आहे, ती बाळंतपणाची. सव्वा महिन्यात बाळंतिणीने कधी उठावे, काय खावे, शेक-शेगडी किती दिवस, कोणते काम कोणत्या दिवशी हाती घ्यावे, हे सारे घरातील जाणत्या बाईला पाठ असते. त्यातील काही समजुती आज टिकणार नाहीत. परंतु उठण्याचा एक क्रम असतो, आणि सव्वा महिना संपला की बाळंतीण कामाला लागणार हे गृहीत असते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या सत्तरीच्या माणसासाठी असे कोणतेही वेळापत्रक परंपरेने दिलेले नाही, कारण पूर्वी असा माणूस घरी परतत नसे. मग घर आपल्या बुद्धीने एक वेळापत्रक तयार करते. त्यात उठण्याचा क्रम असतो, पण शेवट नसतो. ‘एवढे मोठे ऑपरेशन झाले आहे’ हे वाक्य वर्षभर पुरते. वृद्ध माणसाची मंडईची फेरी जाते, मग देवळाची जाते, मग अंगणही जाते. कोणी दुष्टाव्याने काढून घेतलेले नसते. प्रत्येक गोष्ट मायेनेच काढून घेतलेली असते, आणि म्हणून तिच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही.

रुग्णाच्या मनात या काळात काय चालते, याकडे घराचे लक्ष क्वचितच जाते. हृदयशस्त्रक्रियेनंतर सुमारे पाचांतील एकाला औषधोपचाराची गरज पडावी इतकी खिन्नता येते. वृद्धांत शस्त्रक्रियेनंतर काही दिवस भ्रमिष्टपणाही दिसतो. माणूस वेळ-स्थळ विसरतो, रात्री उठून बसतो. ‘वयोमानाने होते’ असे म्हणून दोन्ही गोष्टी सोडून दिल्या जातात. छातीत जरा काही टोचले की ती हाडाची सांधणारी वेदना आहे की हृदयाची, हे त्याला कळत नाही. विचारावे तर मुलगा रात्री गाडी काढून रुग्णालयात नेईल, या संकोचाने तो बोलत नाही. अशा वेळी आठवड्यातून एकदा, ठरल्या वाराला, ज्याला या गोष्टी कळतात असे कोणी दूरध्वनीवर ‘जिना चढताना काय होते?’ एवढे जरी विचारील, तरी पुष्कळ गाठी सुटतात. दूरस्थ पुनर्वसनाचा गाभा हा आहे. त्यातील उपकरणे नंतर येतात.

ब्रिटनमध्ये हे फार लवकर ओळखले गेले. एडिंबरो येथे बॉब लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका येऊन गेलेल्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांची एक पुस्तिका तयार केली. तिच्याबरोबर ध्वनिफिती होत्या, आणि अधूनमधून संपर्क साधणारी प्रशिक्षित व्यक्ती होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत असे दिसले की, पुस्तिका वापरणाऱ्यांची चिंता कमी झाली, डॉक्टरांकडच्या खेपा कमी झाल्या, आणि पहिल्या सहा महिन्यांत त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याची वेळही कमी आली. इंटरनेटचे नाव सर्वसामान्य घरात पोचण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. तत्पूर्वीच अमेरिकेत स्टॅनफर्डच्या रॉबर्ट डिबस्क यांच्या गटाने १९८०च्या दशकात घरचा व्यायाम आणि केंद्रातील व्यायाम यांची तुलना करून घरचाही तितकाच गुणकारी ठरू शकतो असे दाखविले होते. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने वेळोवेळी घेतला. २०२३ सालच्या आढाव्यातही निष्कर्ष तोच राहिला, की मृत्यूचे प्रमाण, श्रमक्षमता आणि जीवनाची प्रत या कसोट्यांवर घर आणि केंद्र यांत फारसा फरक आढळत नाही.

दुरून नाडी पाहण्याची कल्पना तर हृदयालेखाइतकीच जुनी आहे. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंथोव्हेन यांनी हृदयाची विद्युत्‌स्पंदने टिपणारे जे यंत्र तयार केले, ते इतके अवजड होते की रुग्णाच्या खाटेपाशी नेणे अशक्य. रुग्णालय दीड किलोमीटर दूर. तेव्हा १९०५ साली त्यांनी दूरध्वनीच्या तारेवरून रुग्णाची स्पंदने आपल्या प्रयोगशाळेत आणली. म्हणजे हृदयालेखाच्या प्रारंभकाळातच रुग्ण एकीकडे आणि तपासणारा दुसरीकडे अशी व्यवस्था होती. आज तेच काम छातीवरील पट्टा वा मनगटावरील घड्याळ करते. न्यूझीलंडमध्ये १६२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायामतज्ज्ञ आपल्या जागी बसून दूरवरच्या रुग्णाची नाडी, तो चालत असतानाच, पाहत होता आणि त्याला सूचना देत होता. बारा आठवड्यांनी या रुग्णांची श्रमक्षमता केंद्रात जाणाऱ्यांच्या बरोबरीची ठरली, आणि खर्च कमी आला.

मात्र त्या चाचणीतील बहुसंख्य रुग्ण पुरुष होते आणि पुष्कळसे साठीच्या आसपासचे. वृद्धांसाठी अधिक बोलका पुरावा युरोपातील आहे. पाच देशांत मिळून पासष्टीपुढचे १७९ रुग्ण निवडण्यात आले. हृदयधमनीचा विकार किंवा झडपेवरील उपचार यांतून नुकतेच उठलेले, आणि केंद्रात येण्यास नकार दिलेले. निम्म्यांना सहा महिने घरी मोबाइलच्या आधारे मार्गदर्शन मिळाले. प्रशिक्षक प्रारंभी वारंवार आणि पुढे विरळ असा दूरध्वनी करीत असे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या गटाची श्रमक्षमता थोडी पण निश्चित वाढली आणि वर्षअखेरीसही ती बऱ्याच अंशी टिकली. दुसऱ्या गटात काहीच वाढ झाली नाही. ‘केंद्रात येत नाही’ म्हणणाऱ्या वृद्धाला आळशी ठरवून यादीतून काढून टाकणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर पाहावा.

जमिनीवरचे जीवन

परदेशातील पुस्तिका जशाच्या तशा भाषांतरित करून मात्र भागणार नाही. त्यांत मोटार कधी चालवावी याचा ऊहापोह असतो. मांडी कधी घालावी याचा नसतो. मराठी घराचे अर्धे जीवन जमिनीवर चालते. देवघरापुढे बसणे, पंगतीला बसणे, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसणे, आणि या प्रत्येक ठिकाणाहून हातावर भार देऊन उठणे. छातीचे कापलेले हाड प्राथमिक सांधले जाण्यास सहा ते आठ आठवडे आणि पुरते मजबूत होण्यास सुमारे तीन महिने लागतात. तोवर दोन्ही हातांनी जमीन रेटून उठणे हाच सर्वांत वाईट व्यायाम होय. मधुमेहाने ते हाड उशिरा सांधते, आणि गुडघे आधीच दुखरे असले तर हाताचा आधार सुटत नाही. म्हणून पुनर्वसनाचा पहिला धडा व्यायामाचा नसून बैठकीचा आहे. उंच खुर्ची, संडासावर ठेवावयाचे कमोडचे स्टूल, बिछान्यातून उठताना आधी कुशीवर वळून मग पाय खाली सोडणे, खोकताना उशी छातीशी घट्ट धरणे. रुग्णालयातून मिळालेले तीन रंगीत चेंडूंचे श्वासाचे साधन बहुतेक घरांत नातवंडांचे खेळणे होते. ते पहिले काही आठवडे रुग्णाच्याच हाती राहिले पाहिजे, आणि त्यात फुंकावयाचे नसून श्वास आत ओढावयाचा असतो हे कोणी तरी दाखविले पाहिजे.

मग चालणे. प्रारंभी पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, घरातल्या घरात. सहा-आठ आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत. कागदावर हे सोपे दिसते. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर चालणार कोठे? चंद्रपुरात मे महिन्यात सकाळी सातनंतर कोणी चालावे? मुंबईच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला रस्ता गाठण्याआधी जिन्याचे शे-पाऊणशे पायऱ्यांचे डोंगर उतरावे लागतात, आणि परत चढावेही लागतात. तेव्हा चाळीची लांब गॅलरी, वाड्याचा चौक, ओटीपासून परसापर्यंतच्या फेऱ्या यांचाच हिशेब करावा लागतो. हे काम रुग्णाचे घर ठाऊक असलेला माणूसच करू शकतो. घरबसल्या पुनर्वसनाच्या बाजूने हा एक फारसा न सांगितला जाणारा मुद्दा आहे. केंद्रातील यंत्राच्या पट्ट्यावर चालायला शिकलेला वृद्ध घरच्या जिन्यापाशी पुन्हा अडतो. जिन्यावरच शिकलेला अडत नाही.

श्रम किती झाले हे कसे ओळखावे? नाडी मोजावी हे उत्तर पुरेसे नाही, कारण यांतील बहुतेकांना नाडी मंद ठेवणारी औषधे चालू असतात. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने यासाठी सहापासून वीसपर्यंत आकड्यांची एक श्रेणी बसविली. आपल्याला श्रम किती जाणवतात ते रुग्णानेच आकड्यात सांगावयाचे, आणि अकरा ते तेराच्या दरम्यान राहावयाचे. याहून सोपी कसोटी बोलण्याची. चालताना शेजारच्याशी सलग दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. दम लागून वाक्य मध्येच तुटले तर वेग कमी करावा. वारीची वाट अभंग म्हणत चालणाऱ्या समाजाला ही कसोटी समजावून सांगण्यास अवघड जाऊ नये. चालण्याच्या जोडीला खुर्चीतून उठबस आणि कठड्याला धरून तोल सांभाळण्याचे व्यायाम हवेत; या वयात पडून खुब्याचे हाड मोडणे हा हृदयाइतकाच मोठा शत्रू आहे. आणि कोणत्या वेळी थांबून लगेच कळवावयाचे, हेही घराला पाठ पाहिजे : श्रमाबरोबर छातीवर दडपण येणे, चक्कर, नाडी एकाएकी वेडीवाकडी धावणे, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने चढून पायावर सूज येणे, जखमेतून स्राव येणे, किंवा कूस बदलताना छातीच्या हाडात ‘कट्’ असा आवाज जाणवणे.

भारतीय मातीत असा काही प्रयत्न झालाच नाही असे नाही. झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर देशातील २४ रुग्णालयांत योगाधारित पुनर्वसनाची मोठी चाचणी घेण्यात आली. बारा आठवड्यांत शिक्षकाबरोबर तेरा बैठका आणि घरी रोजचा सराव असा तिचा आराखडा होता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात मृत्यू व पुन्हा झटका येणे यांत निर्णायक घट सिद्ध होऊ शकली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते पूर्वीच्या दिनक्रमाकडे अधिक प्रमाणात परतले, हेही त्याच निष्कर्षात आहे. ही चाचणी शस्त्रक्रियेच्या रुग्णांपुरती नव्हती; परंतु सतरंजीवर, घरच्या कपड्यांत, यंत्राविना पुनर्वसन शिकविता येते आणि लोक ते करतात, एवढे तिने दाखविले.

आजीबाईंचे काय?

या विषयावरील चर्चेत रुग्ण म्हटला की ‘आजोबा’च डोळ्यांसमोर येतात. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीची अडचण नेमकी उलट असते. तिला कोणी फार दिवस बसू देत नाही, आणि ती स्वतःही बसत नाही. महिनाभराने ती ओट्यापाशी उभी राहते. ‘घरकाम हाच व्यायाम’ हे वाक्य अशा वेळी फार सोयीचे असते, परंतु ते खरे नाही. कणीक तिंबणे, भरलेला कुकर उचलणे, कळशी कडेवर घेणे, ओले कपडे पिळणे यांत न सांधलेल्या छातीवर ताण येतो, आणि हृदयाला हवे असलेले सलग, लयबद्ध श्रम त्यांत मिळत नाहीत. सकाळी अर्धा तास केवळ आपल्यासाठी चालावयास जाण्याची मुभा तिला या वयातही मागावी लागते. पाश्चात्त्य देशांतही पुनर्वसनाच्या केंद्रात स्त्रिया आणि अतिवृद्ध यांची हजेरी सर्वांत कमी असते. अमेरिकेत २०१६ साली वृद्धांच्या सरकारी विम्याखालील पात्र रुग्णांपैकी एकूण जेमतेम चौथा हिस्साच अशा कार्यक्रमात सामील झाला होता. केंद्रापर्यंत नेणारे कोणी नाही, हे तेथील एक मोठे कारण. आपल्याकडे तर केंद्रेच मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत आहेत. दोडामार्गच्या रुग्णाची शस्त्रक्रिया गोव्यात होते, गडचिरोलीच्या रुग्णाची नागपुरात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे ही चांगलीच गोष्ट आहे. पण तारेने बांधलेली छाती घेऊन आठवड्यातून तीनदा तो प्रवास करावा असे कोण सुचवील?

तेव्हा उपचाराने घरी गेले पाहिजे. परंतु घरी जाणे म्हणजे मोबाइलवर एक ‘ॲप’ टाकून देणे नव्हे. अनेक घरांत मोबाइल नातवाच्या हाती असतो, आजीच्या नव्हे. आणि नातू कॉलेजात असतो. बारीक अक्षरे दिसत नाहीत, इंग्रजी सूचना कळत नाहीत, घड्याळाने दाखविलेल्या आकड्याने धीर येण्याऐवजी धडधड वाढते. या पिढीला साधा दूरध्वनी, मोठ्या अक्षरांतील मराठी पुस्तिका आणि भिंतीवरील कॅलेंडरात चालण्याची मिनिटे लिहावयाची सवय एवढे पुरेल. गॅसचे, दुधाचे, पेपरचे हिशेब कॅलेंडरवर लिहिणाऱ्या घरांना ते नवे नाही. यंत्रे ज्यांना परवडतील व पेलतील त्यांनी जरूर वापरावीत.

या पद्धतीच्या मर्यादाही डोळ्यांआड करून चालणार नाही. ज्यांचे हृदय फार दुबळे झाले आहे, ज्यांना श्रमाने धोक्याची अनियमित स्पंदने येतात किंवा रक्तदाब कोसळतो, त्यांनी प्रारंभ तरी तज्ज्ञाच्या समोरच केला पाहिजे. म्हणून घरी सोडण्यापूर्वी प्रत्येकाची श्रमचाचणी, निदान सहा मिनिटांच्या चालीची चाचणी, होणे आवश्यक आहे. दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. उपचार घरी गेला की त्याचा भार घरातील कोणत्या तरी एका बाईवर पडतो, आणि ती बहुधा सून असते. तिच्या वेळेचा हिशेब कोणत्याही चाचणीच्या खर्चपत्रकात धरलेला दिसत नाही. तिसरी गोष्ट एकटेपणाची. केंद्रात आपल्यासारखीच छातीवर व्रण असलेली चार माणसे भेटतात, आणि त्या भेटीतच निम्मी भीती ओसरते. ही उणीव भरून काढण्यास महाराष्ट्रात साधन आयते आहे. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ वाढदिवस, सहली आणि व्याख्याने यांत रमलेले असतात. शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालेल्या सभासदाने महिनाभरापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्याच्या घरी जाऊन त्याच्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालावे, एवढे काम त्यांनी अंगावर घेण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

सरकारी यंत्रणेपाशीही साधने अगदीच नाहीत असे नाही. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाचे नियम निश्चित झाले; ई-संजीवनीद्वारे गावच्या आरोग्य केंद्रातून दूरच्या डॉक्टरचा सल्ला मिळू लागला; २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांना राष्ट्रीय पातळीवर नियमनाची चौकट मिळाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या प्रारंभी देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय निघाले, ते पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांच्या निमित्ताने. त्या विद्येत शिकलेली तरुण मुले-मुली आज राज्यभर आहेत, आणि त्यांतील पुष्कळ जण अपुऱ्या पगारावर खासगी दवाखान्यांत गुडघे शेकीत बसलेले आहेत. आठवड्याला एक दूरध्वनी असे बारा आठवडे, म्हणजे एका रुग्णामागे बारा संभाषणे, आणि मध्यंतरी उपकेंद्रात रक्तदाब, वजन व सहा मिनिटांच्या चालीची एक-दोनदा नोंद, एवढ्या कामाचा मोबदला शस्त्रक्रियेच्या सरकारी दरातच समाविष्ट करता येईल. शस्त्रक्रियेच्या एकूण खर्चापुढे ती रक्कम किरकोळ ठरेल. रुग्णालयाला मिळावयाच्या रकमेचा एक छोटा हिस्सा बाराव्या आठवड्याची नोंद सादर होईपर्यंत राखून ठेवला, तर रुग्णालयेही घरी गेलेल्या रुग्णाची आठवण ठेवू लागतील. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते, लोकसंख्येच्या ८.६ टक्के; महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते, आणि तेव्हापासून ते वाढतच आहे. यांतील ज्यांच्या हृदयावर आज शस्त्रक्रिया होत आहे त्यांना पुढील आठवड्यात घरी सोडले जाईल, आणि त्यांच्या कागदावर पुढील तपासणीची तारीख दीड महिन्यानंतरची असेल.